बाईंना मॅच सांगताना

पॅरिसच्या टेनिस कोर्टावर आमची खेळाडू पहिला सेट हरली. पण सांगणं थांबवता येत नव्हतं. "सर्व्हिस तिची. मारला. समोरचीनं उलटून दिला. ही मागं सरकली..." असं बाईंच्या कानाशी लागून, कुजबुजत. पुढच्या रांगेतला गोरा म्हातारा वळून वळून पाहत होता. पाहू दे.

बाई म्हणजे डॉक्टर बाई. त्यांची हयात गडचिरोलीत गेली. आमच्या भागातली कितीतरी लेकरं त्यांच्या हातची. आठवीत शाळा सुटल्यावर त्यांनीच मला दवाखान्यात आया म्हणून ठेवून घेतलं, पुढे घरी नेलं. शुगरनं त्यांचे डोळे गेले तेव्हापासून मी त्यांना टेनिस सांगते. टीव्हीवरचं इंग्रजी त्यांना कळायचं, पण म्हणायच्या, "तो माणूस बॉल सांगत नाही, गप्पा मारतो. तू सांग."

ही एकच खेळाडू त्यांची लाडकी. ती खेळेल तिथं आम्ही. मेलबर्न, दुबई, लंडन. लोक हसायचे. मला नवल वाटलं नाही. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या दिवसांत आवडत्या नटीचं नाटक ज्या गावी असेल, त्या गावी बाया भाकरी बांधून जातातच. फक्त तिथं रस्ता ओळखीचा असतो. विमानतळावर दर वेळी जीव उडायचा, बाईंचा हात सुटला तर मी इथी कोणाले विचारू.

पॅरिसला निघायच्या आधीच त्या खेळाडूनं जाहीर केलं होतं, इथं हरले की खेळणं बंद. नागपूरच्या डॉक्टरांनी बाईंना हृदयाचं ऑपरेशन सांगितलं होतं. बाईंनी नाही म्हटलं. "ती थांबली की मीही थांबते," एवढंच.

"काऊन असं बोलता बाई?"

"तुझं काय अडतं? घर तुझ्या नावावर करते."

"मले घर नाई पायजे," म्हटलं, आणि घासलेलीच भांडी परत घासत बसले.

म्हणून त्या दिवशी एकेक बॉल भारी जात होता. खोटं सांगायची सोय नव्हती. अंपायर फ्रेंचमध्ये गुण पुकारायचा आणि तेवढे आकडे बाईंनी पाठ केले होते.

शेवटी समोरचीला जिंकायला एकच गुण हवा होता. हिनं मारलेला बॉल रेषेजवळ पडला. बाहेर, असा पुकारा झाला. हिनं हात वर करून अंपायरला बोलावलं.

"काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

"साहेब खुर्चीवरून उतरून राह्यला, बाई. बॉलची खूण पाहाले."

आलापल्लीच्या जंगलात माझा बाप गार्डासोबत वाघाचे पंजे पाहत फिरायचा. तसाच तो माणूस लाल मातीवर वाकला. जरा सरकला. पुन्हा वाकला. तो उठूच नये, असं मी मनात घोकत होते.

त्यानं बोट वर केलं. बाहेरच होता.

मी बाईंच्या कानापासून तोंड बाजूला घेतलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

"सांग," बाई म्हणाल्या. "मध्येच सोडायचं नाही."

मग सांगितलं. जाळीपाशी दोघी गळ्यात पडल्या. हिनं टॉवेल तोंडावर घेतला. रॅकेटी भरल्या. हात हलवला. ती आत निघून गेली, तरी मी सांगतच होते, "उभी हाये बाई अजून. लोकायकडे पाहून राह्यली."

रिकाम्या कोर्टावर माणसं मोठी जाळी ओढत माती सारखी करत होती. त्याची खरखर बाईंनी कधीच ओळखली होती.

"कोणाचं सांगतेस पोरी?" त्या म्हणाल्या.

त्यांचा हात काठी चाचपडू लागला. मी पायानं काठी खुर्चीखाली सारली.

तेवढ्यात पुढच्या मॅचच्या दोघी आल्या. त्यांची नावंही मला ठाऊक नव्हती.

"नव्या आल्या बाई," मी म्हटलं. "एक डावखुरी हाये. लहान पोरगीच हाये. एक मोजा खाली आला तिचा."

बाईंनी काही विचारलं नाही. काठीही मागितली नाही. त्यांचं तोंड कोर्टाकडे होतं की नुसतं समोर, मला कळेना. मी सांगत राहिले.