बापू आणि हातमोजे

चाकणच्या एका कारखान्यात शनिवारी सकाळी अकरा वाजता बापू कड यांनी हातमोजे घालायला नकार दिला. साडेअकराला त्यांची नोकरी गेली. ती अजून लागलेली नव्हती, एवढीच काय ती सोय.

बापूंनी तीस वर्षे लेथ यंत्रावर लोखंड कातलं. निवृत्तीनंतर ते दापोडीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकडाचे वाडगे कातत आणि हौशी लोकांना शिकवत. त्यांत मी होतो. लेथचं बटण दाबण्याआधी ते त्यावर चढवलेला लाकडाचा ठोकळा हाताने एक पूर्ण फेरी फिरवून कुठे अडत नाही ना ते पाहत, मग बाजूला सरकून उभे राहत. "सुटला तर त्यो सरळ येतो. मानसानं वाट सोडावी."

मारुंजीचा एक संगणक अभियंता एकदा ठोकळा लेथच्या फिरत्या तबकडीवर बसवायला फॉल्स सीलिंगचे बारीक काळे स्क्रू घेऊन आला. बापूंनी त्यातला एक पकडीत धरून कट्कन मोडला. "ह्याच्यावर छत लटकव भावा, आन् खाली तूच झोप." मग जाड, आखूड स्क्रू दिले. पठ्ठ्याने खाटेचे पाय कातायची रुंद पटाशी उचलली. तीही काढून घेतली. वाडग्यात ती अडकते आणि मुठीपाशी मोडते.

"व्हिडिओत तर चालते, बापू."

"चालती की. मोडल्याला भाग त्ये दावत न्हाईत."

पुढे शेड रस्तारुंदीत गेली, लेथ विकावा लागला. सहा महिने बापू चौथ्या मजल्यावर टीव्हीसमोर बसून होते. कारखान्याच्या कौशल्य केंद्राला कातकाम शिकवणारा हवा होता. प्रात्यक्षिकाला बोलावणं आलं, तेव्हा बापूंनी अर्ध्या बाह्यांचा सदरा दोन दिवस आधीच इस्त्री करून ठेवला. पगार विचारला नाही. लेथ कुठला, एवढंच विचारलं.

शनिवारी मी सोबत गेलो. त्यांनी घरून आणलेला आंब्याचा खडबडीत ठोकळा चढवला, स्क्रू आवळले, हाताने फेरी दिली. तेवढ्यात सुरक्षा अधिकारी तपासयादी घेऊन पुढे आले.

"काका, ग्लोव्हज घाला."

"साहेब, मोजा गुतला की मोजा जातो, आन् मागनं हात."

"यादीत आहे, काका. सही माझी असते."

"व्हय. हात माजा असतो."

बापूंनी सगळ्यांना मागे सरकवलं, मोजा एका झाडूच्या दांड्यावर चढवला आणि लेथ सर्वांत कमी वेगावर सुरू केला. मोज्याचा अंगठा ठोकळ्याला लागला. पुढच्या क्षणी मोजा लाकडाभोवती गुंडाळला गेला होता आणि दांड्याचे दोन तुकडे झाले होते. बापूंनी लेथ बंद केला.

अधिकाऱ्यांनी तुकडे नीट पाहिले. यादीत लिहिलं: हातमोजे खराब, नवीन देणे. मग तत्परतेने नवी जोडी पुढे केली.

"घाला काका."

बापूंनी लेथच्या पोलादी पाटावर पडलेला दांड्याचा भुगा तळहाताने पुसला.

"लेथ झ्याक हाय, राव," ते म्हणाले आणि स्क्रू सोडवायला लागले.

परतीच्या बसमध्ये ठोकळा त्यांच्या मांडीवर होता.

केंद्र ठरल्या दिवशी सुरू झालं. बापू गेल्या हिवाळ्यात घरी, झोपेत वारले. हातांची दहाही बोटं शाबूत होती.