सोबत : लेक

मी या पानावरचे लोकांचे गूढ अनुभव दोन वर्षं नुसती वाचते आहे. बऱ्याच अनुभवांना मनातल्या मनात उत्तरंही देत होते – हा योगायोग, ही भीती, हा ताप. त्यामुळे स्वतः लिहायला बसताना जरा लाज वाटतेय. पण जे झालं ते झालं तसं सांगते.

मी जुने कागदी नकाशे जमवते. हे वेड बाबांचं. ते मोजणी खात्यात भूमापक होते, सगळी नोकरी शेतांच्या बांधांवर गेली. त्यांचा नियम होता – नकाशावर शाई लावायची नाही, फक्त पेन्सिल. आणि तीही पाय लागल्याशिवाय नाही, म्हणजे जिथे स्वतः उभे राहिलो तिथेच खूण करायची. मी सातवीत असताना ॲटलासमध्ये आवडलेल्या गावांवर फुल्या मारल्या होत्या. बाबांनी शांतपणे सगळ्या खोडल्या. म्हणाले, "खोटी साक्ष आहे ही."

त्यांची खूण ठरलेली – छोटा त्रिकोण, आत ठिपका. शेजारी तीन गोष्टी : वेळ, सोबत कोण, पाणी आहे की नाही. बाबा डावखुरे, अक्षर मागे कललेलं. मी ते कुठेही ओळखेन.

गेल्या वर्षीपासून त्यांना विसर पडायला लागला. घर, तारीख, कधी कधी आम्हीसुद्धा.

मे महिना होता. आई मामाकडे गेलेली. सकाळी दहाला मी शहागंजला एका रद्दीवाल्या चाचांकडे गेले. त्यांनी माझ्यासाठी एक नकाशा बाजूला ठेवला होता – कन्नड तालुका, निजामाच्या काळातला, कापडावर चिकटवलेला. गावांची नावं उर्दूत छापलेली, आणि पोलीस ॲक्शननंतर कुणीतरी निळ्या शाईने शेजारी मराठीत लिहिलेली. (बाबा सोबत असते तर शाई बघून चिडले असते.)

"बेटी, पेन्सिल से बी कुछ लिखेला है इसपे," चाचा म्हणाले. "चलता क्या?"

मी चलता म्हणाले. उघडूनही पाहिला नाही.

सिडकोतल्या घरी पोचले तेव्हा साडेबारा झाले होते. दार नुसतं ओढलेलं. बाबा नव्हते. त्यांचा मोबाइल टेबलावर, शुगरची गोळी तशीच, पाण्याची बाटली तशीच. फक्त कापडी पिशवी गेली होती. बाहेर त्रेचाळीस डिग्री.

धाकटा भाऊ आदित्य ऑफिसमधून धावत आला. बाबा सकाळी लासूर स्टेशनचं नाव काढत होते, ते त्यांचं जन्मगाव. तो म्हणाला, तिकडेच गेले असणार. मलाही पटलं. दिशा बघावी म्हणून मी सवयीने हातातलाच नकाशा उलगडला... अर्धाच. लासूर त्यात नव्हतंच. पण खालच्या कोपऱ्यात, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथे, त्रिकोण होता. आत ठिपका. मागे कललेलं अक्षर.

३.४०. सोबत : लेक. पाणी नाही.

"ताई, बाबा हरवलेत आणि तू चिंधी उलगडत बसलीस?"

"आदू, हे बघ. बाबांचं अक्षर."

"असेल! नोकरीत असताना लिहिलं असेल!"

"मी बाबांबरोबर कधीच साइटवर गेलेली नाही."

तो म्हणाला, "गाडी एक आहे. चुकलो तर बाबा उन्हात मरतील. कळतंय का तुला?"

कळत होतं. मी लोकांना रस्तासुद्धा विचारत नाही, दुकानदाराला सुटे मागायला घाबरते. पण तेव्हा तोंडातून आलं, "तू लासूरला जा. मी कन्नडला जाते." चार बाटल्या पाणी भरलं – नकाशात 'पाणी नाही' लिहिलं होतं म्हणून – आणि ओळखीच्या स्टँडवरून भाड्याची जीप केली.

ड्रायव्हरकाका कन्नडकडचेच. आरशातून माझ्या मांडीवरच्या कापडाकडे बघत म्हणाले, "ह्यात माझं घर बी हाय का?"

मी गाव विचारलं, बोट ठेवून दाखवलं.

"व्हय की! माझ्या आज्याच्या वख्ताचं दिसतंय हे. तवा आमचं घर पडकं नव्हतं."

एरवी मी हसले असते.

कन्नडच्या पुढे डांबर संपलं, मग मोबाइलची रेंज. आदित्यचा शेवटचा मेसेज आला होता : लासूरला नाहीत. आता फक्त कागद. "पुढं डावीकडे नाला लागेल," मी सांगत होते. नाला लागला. कोरडा. "आता टेकडी उजवीकडे ठेवा."

"बाई, हितनं पुढं रस्ता नाय. गाडी नाय जायची."

मी उतरून पळाले. बांध, ढेकळं, काटे. एका बाभळीखाली शेंदूर उडालेला शिवेचा दगड, आणि त्याला टेकून बाबा. ओठ पांढरे. पिशवी मांडीवर, तिच्यातून कन्नडच्या एसटीचं तिकीट डोकावत होतं.

मला बघून म्हणाले, "आलीस? पाणी दे."

मागून काका धापा टाकत आले. बाबांना सावलीत नीट आडवं केलं. मी घड्याळ बघणार नव्हते, पण बाटली धरलेल्या हातावरच ते होतं. तीन चाळीस.

कन्नडच्या डॉक्टरांनी सलाइन लावलं. म्हणाले, अजून तासभर गेला असता तर कठीण होतं.

तुम्ही म्हणाल, नोकरीतली जुनी खूण असेल, तीच आठवण त्यांना तिथे घेऊन गेली. मीही तेच म्हणत होते. म्हणून बाबा चांगले असताना एका सकाळी ती खूण दाखवली आणि विचारलं, कधी केलीत?

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "अक्षर माझंच," म्हणाले. "त्या दिवशीची. तू होतीस की सोबत."

"पण बाबा, नकाशा तर माझ्याकडे होता. आणि खूण सकाळपासून होती."

ते माझ्यावर रागावले. "पाय लागल्याशिवाय मी पेन्सिल लावतो का?"

चाचांना विचारलं. त्यांच्याकडे तो नकाशा आठवडाभर पडून होता, पेन्सिलीसकट.

मला याचं उत्तर माहीत नाही. नकाशे मी अजून जमवते. हा एक मात्र, त्या दिवशी जेवढा उघडला तेवढाच उघडलाय. उरलेला अर्धा घडीतच आहे. आदित्य म्हणतो, बघून टाक एकदाचं, काही नसेल. नसेलही. पण असलीच खूण, आणि 'सोबत'च्या पुढे काही लिहिलेलं नसलं तर?