साडूंचा रेंजफाइंडर आणि वाकडा बांबू

आमच्या घरात सगळ्यात जास्त संशय मी घेतो, आणि बरीच वर्षं मला त्याचा अभिमान होता. तीस वर्षं बँकेत चेकवरच्या सह्या ताडून पाहिल्या. समोरचा माणूस कितीही गोड बोलला तरी आधी सही बघायची, हा नियम. निवृत्तीनंतर ही सवय सुटेल असं बायकोला वाटलं होतं, पण ती माझ्याबरोबर घरी आली. दूध, भाजी, गॅसची टाकी, सगळं मी दोनदा बघून घेतो. बायको म्हणते, "तुम्ही देवळातला परसादसुद्धा पलटून बघाल."

त्यामुळे गेल्या दिवाळीत साडूंनी आपला कॅमेरा निम्म्या किमतीत देऊ केला, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं ते हेच, की कुठंतरी पाणी मुरतंय.

साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचे यजमान. रेल्वेतून निवृत्त, मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत राहतात. आमच्या लहानपणी उत्तरेतल्या या गावात मराठी घरं पुष्कळ होती. हळूहळू मुलं पुण्याला, बंगळूरला गेली आणि त्यांच्यामागून म्हातारेही गेले. सणावाराला न विचारता जाऊन पानावर बसावं असं आता हे एकच घर उरलं आहे. दोघी बहिणींचं एकमेकींवाचून चालत नाही. साडूंशी माझं बिनसलं तर या गावात आम्ही दोघं एकटे पडू, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मनातली शंका काही गप्प बसेना.

माझ्याकडे दहा वर्षांचा कॉम्पॅक्ट कॅमेरा आहे, खिशात मावणारा. हात लांब करून मागच्या पडद्यावर बघायचं आणि बटण दाबायचं, बाकीचं तो करतो. रोज सकाळी मी संकठा घाटावर जातो आणि नावा दुरुस्त करणाऱ्या लोकांचे फोटो काढतो. पालथी घातलेली नाव, फटींत सूत ठासणारे हात, डांबराचा डबा. पण बटण दाबल्यावर कॅमेरा क्षणभर विचार करतो, तेवढ्यात हातोडी खाली आलेली असते. गेल्या थंडीत धुक्यातले फोटो तर सगळेच पुसट आले. नवा कॅमेरा घ्यावा हे माझ्या मनात होतं, आणि ते साडूंना ठाऊक होतं. संशयाला तेवढंही पुरलं.

"एकदम बढिया चीज आहे," साडू चकली मोडत म्हणाले. "डिजिटल रेंजफाइंडर. आठ दिवस चलवून बघा, पटला तर ठेवा."

"तुम्ही का काढताय मग?"

"माझ्याकडे दोन झालेत. एक पडूनच असतो."

हे उत्तर मला पटलं नाही. घरी येऊन मी भिंग लावून कॅमेरा तपासला. एक कोपरा किंचित चेपलेला होता. इंटरनेटवर वाचलं की असा कॅमेरा एकदा पडला की आतली जुळणी बिघडते. कारण यात पडद्यावर बघायचं नसतं. वरच्या लहानशा खिडकीला एक डोळा लावायचा. मधोमध उजळ चौकट असते, तीत समोरची वस्तू दोनदा दिसते. भिंगाची कडी फिरवत त्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणायच्या, जुळल्या की फोटो स्वच्छ. ही तर सही ताडण्याचीच रीत, मला फार आवडली. आवडली म्हणून भीती जास्त वाटली, कारण मन बसलेल्या माणसाला फसवणं सोपं असतं.

जुळणी तपासायला सरळ उभी रेघ हवी असं लिहिलं होतं. इकडचा कार्तिक कोजागिरी झाली की सुरू होतो, आणि घाटावर उंच बांबू रोवून त्यांच्या टोकाला आकाशदिव्यांच्या टोपल्या टांगतात. सकाळी मी एका बांबूसमोर उभा राहिलो, उजवा डोळा खिडकीला लावला आणि डावा मिटला. बांबू मधेच वाकला होता. चौकटीच्या बरोबर मध्यावर त्याला पोक आलं होतं, आणि दोन प्रतिमा काही केल्या जुळत नव्हत्या. बांबूच तसा असेल म्हणून दुसरा बघितला, तोही तसाच. मग देवळाचा दगडी खांब बघितला. दगडाला काही पोक येत नाही.

मला राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला. माझं खरं ठरलं होतं.

रविवारी साडूंकडे जेवायला बोलावणं होतं. पानं मांडली जात होती तेवढ्यात मी कॅमेरा टेबलावर ठेवला.

"हा पडलेला आहे. आतली काच गेली आहे. सरळ रेघ वाकडी दिसते."

साडूंनी कॅमेरा उचलला आणि दाराच्या चौकटीकडे धरून पाहिलं. "अहो, मला तर एकदम सीधी दिसते."

"तुम्हाला दिसणारच."

हे बोलायला नको होतं. साडूंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तरी ते शांतपणे म्हणाले, "बरं, दुसऱ्या डोळ्यानं बघा जरा."

"कॅमेऱ्यात खोट असताना मी डोळा कशाला बदलू?"

"नाचता येईना, अंगण वाकडं," ते पुटपुटले. मी तसाच उठलो आणि न जेवता घरी आलो. बायको तासाभरानं आली. आल्यावर तिनं पदराखालून आणलेला डबा ओट्यावर ठेवला आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी जुना कॉम्पॅक्ट घेऊन घाटावर गेलो. पडद्यावर दोन्ही डोळ्यांनी पाहिलं, तर बांबू सरळ. आपला कॅमेरा तो आपला, असं मनाशी म्हणत परत आलो आणि गच्चीवर ऊन खात बसलो.

त्या गच्चीवर महिन्यापूर्वीच नव्या टाइल्स बसवल्या होत्या. रामनगरचा एक वयस्कर मिस्त्री आला होता. काम झाल्यावर मी उकिडवा बसून, एक डोळा मिटून ओळ बघितली होती, आणि ओळ वाकडी आहे म्हणून चार लोकांत त्याला बोललो होतो. मधली अख्खी ओळ उखडायला लावली होती. तो पुन्हा कामाला बसला होता.

आता सहज, केवळ सवयीनं, मी खाली बसलो आणि डावा डोळा मिटून ओळ बघितली. ओळ मधेच वाकली होती. इथं तर हातात कॅमेरा नव्हता.

मी डोळा चोळून पुन्हा बघितलं, तेच. मग उजवा डोळा मिटला आणि डाव्यानं बघितलं. ओळ दोरीसारखी सरळ होती. पुन्हा उजव्यानं बघितलं, पुन्हा पोक. मी घाबरलो. जन्मभर ज्या डोळ्यानं लोकांच्या सह्या पकडल्या, तोच मला खोटं सांगत होता, आणि किती दिवसांपासून सांगत होता कोण जाणे.

बायकोला सांगायच्या आधी मी साडूंना फोन केला. "उजव्या डोळ्यानं वाकडं दिसतंय," एवढंच म्हणालो. ते वीस मिनिटांत स्कूटर घेऊन दारात उभे होते. रविवारचा विषय त्यांनी काढला नाही आणि मलाही काढता आला नाही. वाटेत भर गर्दीत त्यांच्या खांद्याला धरून बसलो होतो, तेव्हा मला स्वतःची लाज वाटली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी चौकटींचा एक कागद समोर धरला आणि एकेक डोळा झाकून रेघा कशा दिसतात ते विचारलं. मग तपासण्या झाल्या. डोळ्याच्या पडद्यामागं पाणी झिरपत होतं. दुसरा डोळा सांभाळून घेतो म्हणून माणसाला पत्ता लागत नाही, असं ते म्हणाले. इंजेक्शनं घ्यावी लागतील, गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, पण उरलेलं वाचवता येईल. आणखी दोन महिने गेले असते तर तेही सांगता आलं नसतं.

बाहेर आल्यावर मी साडूंना म्हणालो, "कॅमेरा मी घेतो."

"आता कशाला? राहू द्या."

"डावा डोळा आहे ना."

ते म्हणाले, "डाव्यानं बघाल तर नाक मागच्या पडद्याला लागेल."

"लागू दे."

तसं ते लागतंच. प्रत्येक फोटोनंतर पडदा पुसावा लागतो. फोटो कॉम्पॅक्टपेक्षा फार चांगले येतात असंही नाही, निम्मे पुसटच असतात. पण दोन प्रतिमा जुळेपर्यंत थांबायला मी शिकतो आहे. साडूंनी तो का विकला, हे मला अजून नीटसं पटलेलं नाही. विचारायचं मात्र मी सोडलं आहे.

दुसरं इंजेक्शन झाल्यावर मी पुलावरून रामनगरला गेलो आणि पत्ता विचारत मिस्त्रीच्या घरी पोचलो. तो एका अर्धवट भिंतीपाशी ओळंबा सोडून उभा होता. मला बघून त्याचा चेहरा पडला, आणखी काही उखडायला सांगायला आलो असं त्याला वाटलं असणार. मी डोळ्याचं सगळं सांगितलं आणि माफी मागितली.

त्यानं ऐकून घेतलं. मग अवघडून म्हणाला, "बाबूजी, हम तो वही टाइल वैसे ही फिर बिठा दिए थे. आप खड़े होकर देखे, बोले अब ठीक है."

मला हसू आलं. मी म्हटलं, एक फोटो काढू? तो भिंतीला टेकून ताठ उभा राहिला. मी डावा डोळा लावला. चौकटीत दोन मिस्त्री दिसत होते आणि मला ते एकत्र आणायला वेळ लागत होता.

"सीधे खड़े हैं न हम?" त्यानं विचारलं.

"आप तो तब भी सीधे ही थे," मी म्हणालो आणि कडी फिरवत राहिलो.