स्टेशनवरचा उष्टा डबा

आधीच सांगते, भूतबित, दृष्ट, बाहेरचं यातलं मी काहीही मानत नाही. ग्रुपवरचे असले अनुभव मी चहासोबत टाइमपास म्हणून वाचायचे आणि नवऱ्याला दाखवून हसायचे. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय. आणि खरं सांगू का, भीतीपेक्षा किळसच जास्त येतेय... जेवता जेवता वाचत असाल तर आत्ताच थांबा.

आम्ही कोल्हापूरचे, राहतो दुबईत, अल बर्शाला. माझं छोटं केटरिंग किचन आहे. सतीशची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, नोकरी गेली तेव्हापासून घर माझ्या कढयांवर चाललंय. अशात एक मोठं काम दिसलं. नादिया नावाची लेबनीज बाई इव्हेंट्स करते. तिला एका बंद भुयारी रेल्वे स्टेशनात दर आठवड्याला जेवणाचे कार्यक्रम करायचे होते. ते काम मिळालं तर इथे राहायचं, नाही तर लेकीचं शाळेचं वर्ष संपलं की बॅगा भरायच्या, असं आमचं ठरलं होतं.

दुबईत बंद स्टेशन कुठलं, असं विचाराल. शहराबाहेर एक टाउनशिप होणार होती आणि तिच्या खालून तिची स्वतःची ट्रेन धावणार होती. वरचं सगळं अर्धवट राहिलं, खाली स्टेशन तेवढं बांधून झालं. ट्रेन काही आली नाही. कधीच.

काम देण्याआधी नादिया स्टेशनातच चव बघणार होती. त्या टेस्टिंगच्या दिवशी सकाळपासून राबले. सुक्कं मटण, तांबडा-पांढरा, ज्वारीच्या भाकऱ्या. सासूबाई माझ्या हाताखाली असतात. मटण बाहेर न्यायचं तर डब्यात कोळशाचा तुकडा हवाच, म्हणजे वाटेत बाहेरचं काही लागत नाही, हा त्यांचा नेम. इथे कुठला कोळसा? तर खालच्या ग्रोसरीतून बखूर, म्हणजे इथला अरबी धूप, जाळायचा कोळसा आणून ठेवलेला! भाकरीच्या घडीत लपवलेला तो तुकडा मी काढला आणि कचऱ्यात टाकला. क्लायंटच्या ताटात काळा खडा दिसला तर खलास, फूड सेफ्टीवाले मला उभं करतील. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तोंड एवढंसं केलं. मी डबे बंद केले, आमचे स्टिकर लावून सील केले.

भर दुपारी पोचलो. जिना उतरायला लागलो आणि वास आला. तुंबलेल्या मोरीचा आणि त्यात आंबलेल्या खरकट्याचा. मी पदराने... म्हणजे ओढणीने नाक दाबलं. जिथे माणूस राहिला नाही तिथे खरकट्याचा वास कसा, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. प्लॅटफॉर्मच्या बाकांवर अजून प्लॅस्टिक तसंच, भिंतीवरचं घड्याळ कधी सुरूच न केलेलं. पायाखाली काहीतरी चिकट लागत होतं. शी.

डबे एका बाकावर ठेवून आम्ही पलीकडचं टोक बघायला गेलो. मी, सतीश, नादिया आणि दिवे लावणारा गार्ड. बस्स, खाली एवढेच. चालता चालता नादियाने इतिहास सांगितला. काम चालू असताना वरच्या उन्हातून सुटका म्हणून कामगार दुपारी इथे येऊन डबे खायचे. एक दिवस असेच जेवायला बसले असताना वरून निरोप आला, काम बंद, बस उभी आहे, यल्ला, चला लवकर. उघडे डबे टाकून सगळ्यांना जावं लागलं. पुढे कोण कुठे गेलं, तिला माहीत नव्हतं. पण त्यावरून तिला थीम सुचली होती, ‘द लास्ट लंच’. टेबलावर सजावटीला कामगारांसारखे स्टीलचे डबे! कुणाचं तरी अर्धवट टाकलेलं जेवण सजावटीला मांडायचं, हे मला पटलं नाही. पण काम हवं होतं. मी मान डोलावली.

परत आलो. स्टिकर जसेच्या तसे. मी नादियासमोर मटणाचा डबा उघडला.

आत हाडं होती. चोखून पांढरी केलेली, नळीतला गर ओढून घेतलेली आणि आपण ताटात लावतो तशी एका बाजूला रचलेली. भाकरीला दातांचे ठसे. डब्याच्या कडेने बोटांनी मसाला पुसून खाल्ल्याच्या रेघा. आणि सगळ्यावर लाळ... ओली. डबा अजून गरम होता. मी बाकामागे जाऊन ओकले.

नादिया पांढरीफटक पडली, मग भडकली. मी तिला उष्टं खायला आणलं, असंच तिला वाटणार की! सतीश सांगत राहिला, ती ऐकेना. उंदीर म्हणाल, तर उंदीर सील लावत नाहीत. गार्ड म्हणाल, तर तो आमच्या पुढे चालत होता.

घरी आल्यावर मी डबा फेकायला निघाले तर आईंनी हातातून घेतला. शांतपणे म्हणाल्या, “भुकेलं होतं कुणीतरी. पोरीचं उष्टं काढतेस ना रोज? मग याची किळस कशाला?”

काही दिवसांनी नादियाचा फोन. आणखी दोन केटरर बोलावले, दोघांच्या डब्यांचं तेच झालं. आवाज पार उतरलेला. तुमच्या लोकांत यावर काही करतात का, असं तिनेच विचारलं. आईंनी सांगितलं, पहिला डबा त्या बाकावर ठेवायचा, पोटभर, बिनकोळशाचा. बाकीच्यांत कोळसा. आणि ती सजावट काढायची. नादियाने सगळं ऐकलं.

काम आमचं झालं. आम्ही इथेच आहोत. पाहुण्यांचं जेवण नीट पार पडतं आणि बाकावरचा डबा, झाकण लावलेलाच, चाटूनपुसून परत येतो. एकदा कॅमेरा लावून बघितला. त्यात नुसता बंद डबा दिसतो. लेक म्हणते, “मम्मा, इट्स ग्रॉस, जस्ट थ्रो इट.” पण तो मला घासावा लागतो, हातमोजे घालून, श्वास रोखून. मटण तर मी कधीचंच सोडलं.

हे काय आहे, कुणाला ठाऊक असेल तर सांगा. परवा मात्र डबा उघडला तर अर्धी भाकरी आणि मटणाचे दोन तुकडे तसेच राहिलेले. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? मीठ कमी पडलं का ग बाई... किळस त्यानंतर आली.