ड्रॉवरमधलं पदक

हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. घरात कधी पदकाचा विषय निघाला की उठून अंगणात जायचो.

माजी सैनिकांची कागदपत्रं पाहणाऱ्या एका कार्यालयात मी कारकून होतो. धारूरकडच्या डोंगरात शेळ्या राखणारा एक म्हातारा तिथे यायचा. लढाईत मांडीत गोळी लागलेली. जखमी सैनिकाला मिळणारं पदक त्याला कधी मिळालंच नव्हतं. त्याच्या सेवेची नोंद मागवणारी पत्रं मीच लिहिली, तीनदा. अखेर पदक टपालाने आलं. एवढीशी डबी.

त्याला कार्ड टाकायला घेतलं, तेवढ्यात एक पुढारी आमच्या मोठ्या साहेबांकडे आले. डबी बघून मला म्हणाले, "का रं, हे असं खिडकीतून देणार हाईस? मंडप घालू, शाल-नारळ देऊ. माझ्या हातानं. तवर त्याला काई सांगू नको."

साहेबांनी मान डोलावली. मीही. सत्काराशिवाय मान मिळतो, हे आपल्याकडे पटतं कुणाला?

तारीख लांबत गेली. कधी आचारसंहिता, कधी पुढाऱ्यांच्या घरचं लग्न. म्हातारा दर महिन्याला यायचा.

"आलं का, साहेब?"

"अजून न्हाई, बाबा."

डबी माझ्या गुडघ्याशी, ड्रॉवरमध्ये. एकदा तो म्हणाला, "गोळी लई लवकर आलती, साहेब. हे पदकच पायी निघालंय जणू." सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

सातव्या महिन्यात तो वारला. मग मात्र पंधरा दिवसांत मंडप उभा राहिला. पुढाऱ्यांनी डबी त्याच्या बायकोच्या हातात ठेवली, फोटो नीट आला नाही म्हणून काढून घेतली आणि पुन्हा ठेवली. लोकांनी दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर ती माझ्याकडे आली. "भाऊ, ते म्हणायचे, कारकून साहेब लई झटतेत." सत्काराचा नारळ तिने माझ्या हातात दिला. "लेकरांला न्या."

मी तो घरी आणला. आम्ही तो खाल्ला.

नंतर एकदा त्यांच्या वस्तीच्या फाट्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. दुसऱ्यांदा थेट दारात गेलो, तर कुलूप. ती वारल्याचं शेजाऱ्याने सांगितलं. वाटेत घोकलेलं तसंच तोंडात राहिलं: वहिनी, पदक आलं होतं. माझ्याच ड्रॉवरमध्ये होतं. ते विचारायचे आणि मी तोंडावर खोटं बोलायचो. मला माफ करा.