यंत्र भंगारात गेलं नाही

रविवार, १३ जून १९७६, सांगली.

मैत्रिणींनो, आज आमच्या हॉटेलातलं, दांडा ओढून कॉफी काढायचं यंत्र मी उघडलं. ह्यांनी ते मुंबईहून जुनं आणलं होतं. ह्यांना जाऊन महिना झाला, तेव्हापासून बंदच होतं.

सकाळी दीर भंगारवाल्याला घेऊनच आले. "वैनी, ह्यो दांडा उसळला तर जबडा फुटंल. बाईमाणसाचं काम न्हाई हे."

"भाऊजी, वीस वर्षं तांब्याचा बंब घासतेय. यातही पाणीच तापतं."

भंगारवाला रिकामाच गेला.

आतला क्षार चिंचेच्या पाण्यानं काढला. झिजलेल्या वायसरच्या जागी हातपंपाचा चामडी वायसर कापून बसवला.

माणूस गेला की त्याची वस्तूही घालवायची, हे कोण ठरवतं?

दुपारी हॉटेलात कोणी नव्हतं. यंत्र तापवलं, पूड भरली आणि दोन्ही हातांनी दांडा ओढला. चिंचेनं आंबूस झालेली कॉफी उभ्यानंच प्यायले आणि कप विसळून ठेवला.