एकदाच हललेलं पेन

नजीहाचं अक्षर आमच्या कारखान्यात सगळ्यांना पाठ होतं. शिवलेल्या जीन्स तपासायला तिच्या टेबलावर यायच्या आणि जिची शिवण वाकडी, तिच्या खिशाला नजीहाच्या हातची चिठ्ठी लागायची. ती चिठ्ठी मशीनपाशी परत आली की दहा पावलांवरून कळायचं. सरळ, उभं, शाळेत बक्षीस मिळालेलं अक्षर. मी शेजारच्या रांगेत खिसे शिवायचे. माझ्याकडे त्या चिठ्ठ्या बऱ्याच यायच्या.

त्या वर्षी आमचा माल घेणाऱ्या इटलीच्या कंपनीने सांगितलं म्हणून मतांचे फॉर्म आले. साहेबांबद्दल काय वाटतं, पगाराबद्दल, हवेबद्दल, सुट्टीबद्दल. समोर चौकोन, समाधानी किंवा असमाधानी. शेवटी मोकळ्या चार ओळी. आणि सगळ्यात वर ठळक अक्षरांत: नाव लिहू नये.

इस्त्रीच्या खोलीतल्या अकरा जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत त्या कँटीनमध्ये नजीहासमोर रांगेने बसल्या. एकीने तिच्यापुढे हरिसाची लाल तिखट चटणी लावलेली भाकरी सरकवली. "आधी खा, मग माझं रडगाणं लिही. उपाशीपोटी झेपायचं नाही तुला."

दोन फॉर्म झाले. तिसऱ्याच्या वेळी सुपरवायझर रौदा मागे येऊन वाकली. हसली.

"वा ग नजीहा. तुझं अक्षर किती लांबून ओळखू येतं!"

एवढंच बोलून ती गेली. तेव्हा नजीहाच्या ध्यानात आलं की बिननावाचे अकरा फॉर्म पेटीत पडणार आणि अकराही तिच्या हातचे. घरी अंथरुणाला खिळलेला बाप होता, दुसरं कमावतं कोणी नव्हतं. चौथ्या फॉर्मपासून तिने बायका काय बोलतात ते ऐकलं आणि खूण 'समाधानी'च्या चौकोनात केली.

शेवटी मन्नूबिया मावशी बसली. एकवीस वर्षं वाफेच्या इस्त्रीसमोर उभी राहिलेली बाई. "लिही," ती म्हणाली, "की आमच्या खोलीतला पंखा दोन वर्षं बंद आहे. वाफ छातीत बसते. दुपारी डोळ्यांपुढे अंधार येतो, मग मी टेबल धरून उभी राहते. टेबल तापलेलं असतं. मॅनेजर शाकिर साहेबांना तीनदा सांगितलं, ते म्हणाले, खिडकी आहे ना. खिडकीला पाठ लावून त्यांनी एक तास उभं राहावं. हे सगळं लिही, पोरी. एक शब्द गाळू नकोस."

नजीहाने चार ओळींवर 'ठीक आहे' असं लिहिलं आणि कागदाची घडी घातली.

महिन्याभराने भिंतीवर कागद लागला: शंभरातले एक्याण्णव समाधानी. सगळ्यांना केकचा एकेक तुकडा मिळाला. इस्त्रीवाल्या एकमेकींकडे बघत राहिल्या.

"कोण ग ती सुखाने लोळणारी? मी तर नव्हे."

"तूच असशील. केक बघ कसा चाटतेयस."

हसल्या, पण त्या दिवसापासून प्रत्येकीला वाटायचं की बाकीच्या खोटं बोलल्या. मन्नूबिया मावशी फक्त म्हणायची, "कागद समुद्रापलीकडे गेलाय. वेळ लागायचाच." आणि जाता-येता नजीहाच्या खांद्यावर हात ठेवायची.

ऑगस्टमध्ये मावशी उभ्या-उभ्या कोसळली. उजवा हात इस्त्रीखाली राहिला. मी धावले तेव्हा नजीहा आधीच तिथे होती, तिचं डोकं मांडीवर घेऊन. इस्त्री कोणीतरी बंद केली होती, तरी ती फुसफुसत होती.

मावशी घरी बसली. तिच्या टेबलावर नवी बाई आली. मग नजीहाच्या चिठ्ठ्या बदलायला लागल्या. 'शिवण' लिहिताना शब्द मधेच तुटलेला असायचा. बसमध्ये एकदा तिने मला सगळं सांगितलं. "लिहायला घेतलं की तो आवाज येतो," ती म्हणाली. "एक शब्द गाळू नकोस. मागे वळून बघते तर कोणी नसतं."

वसंतात पुन्हा फॉर्म वाटले. त्या रविवारी नजीहा मावशीच्या घरी गेली. मावशी अंगणात डाव्या हाताने मटार सोलत होती. उजवा बाहीत लपवलेला. पुदिन्याचा चहा आला.

"मावशी, मागच्या वर्षी मी तुमचं..."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मला वाचता येत नाही, पण दिसतं ना? मी एवढं बोलले, दम लागला मला. आणि तुझं पेन एकदाच हललं. चिमणी दाणा टिपते, तेवढं."

नजीहाने पेला खाली ठेवला. "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"वाटलं, शिकलेल्यांच्या अक्षरांत थोडक्यात पुष्कळ मावत असेल." मावशीने शेंग उघडली. "नंतर पंखा आला नाही, तेव्हा कळलं."

"शिव्या तरी द्या."

"देईन. चहा गार होतोय, आधी तो पी."

नजीहाने पिशवीतून स्वतःचा कोरा फॉर्म काढला. "तुम्हाला यंदा फॉर्म नाही. मला आहे. सांगा."

"पंखा लागला?"

"नाही."

"मग तेच लिही. आणि पुढे हाताचं."

मावशी बोलत राहिली. चार ओळी संपल्या, नजीहा कडेला लिहू लागली, मग पाठीमागे. मावशी तिच्या तोंडाकडे बघत नव्हती, पेनाकडे बघत होती. ते थांबलं की तीही थांबायची, आणि हललं की पुढे बोलायची.

सोमवारी कँटीनमध्ये पेटीपाशी रौदा उभी होती. नजीहाने कागदाची घडी घातली नाही. रौदाची नजर त्यावर गेली आणि तिथेच राहिली.

"अक्षर ओळखीचं आहे," ती हळूच म्हणाली. "विचार कर, नजीहा. अजून हातात आहे."

"अक्षर माझंच आहे. बोलणं मन्नूबिया मावशीचं आहे."

तिने कागद आत सोडला. मग टेबलापाशी येऊन पुढची जीन्स ओढली आणि चिठ्ठी लिहायला घेतली. 'शिवण' अखंड उमटलं. पण पलीकडच्या खोलीत वाफ सुटली की अजूनही ती मान वळवून बघायची.